केरिन : एक शब्द, दोन शर्यती

मालाडहून आक्सा व एरंगळ या गावांवरून मढकडे जाणारा रस्ता समुद्राच्या सान्निध्याने जातो. उन्हाळ्यातील दुपारी या किनाऱ्यावर वारा प्रायः वायव्येकडून वाहतो आणि मढहून मालाडकडे परतणाऱ्या सायकलस्वारास तो तिरपा समोरून लागतो. अशा वेळी दोघेतिघे स्वार बरोबर असले, तर ते सहजच एकामागे एक होतात. पुढचा वारा फोडतो, मागच्यास त्याचा आडोसा मिळतो; पुढचा थकला की मागचा पुढे येतो. रस्त्यावर ही आडोशाची देवघेव सौजन्याचा भाग असते. केरिन या सायकलशर्यतीत मात्र तीच स्पर्धेचा विषय होते. कोणी कोणास, किती वेळ आणि कोणत्या मोबदल्यात आडोसा द्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे केरिन होय. हे उत्तर जपानमध्ये एक आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुसरे आहे, ही गोष्ट एकाच नावामुळे झाकली जाते.

प्रथम नावाचा विचार करू जाता असे दिसते की, हा जपानी सामासिक शब्द चिनी मुळाच्या दोन घटकांचा बनलेला आहे. ‘केइ’ म्हणजे स्पर्धा आणि ‘रिन’ म्हणजे चाक. घोड्यांच्या शर्यतीस जपानीत ‘केइबा’ म्हणतात. त्याच धर्तीवर चाकांच्या शर्यतीस ‘केइरिन’ हे नाव मिळाले. यातील ‘रिन’ हा घटक भारतीय वाचकास अगदीच परका नाही. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत ‘चक्र’ शब्दासाठी हेच चिन्ह योजिले गेले आणि ‘धर्मचक्र’ जपानीत ‘होरिन’ झाले. तेव्हा ‘चक्रस्पर्धा’ हे केरिनचे शब्दशः भाषांतर ठरेल. ते अचूक असले, तरी त्यावरून शर्यतीच्या स्वरूपाचा काहीच बोध होत नाही, हे लक्षात ठेवावयास हवे.

आंतरराष्ट्रीय केरिन २५० मीटर घेराच्या, वळणांवर सुमारे ४२ ते ४५ अंशांनी कललेल्या लाकडी मार्गावर होते. सायकलींना ब्रेक नसतो व पायटे मोकळे फिरत नाहीत. चाक फिरते तोवर पायही फिरतात. शर्यत १,५०० मीटरांची, म्हणजे सहा फेऱ्यांची असते. एका गटात बहुधा सहा स्वार असतात व त्यांच्या आरंभीच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात. त्यांच्यापुढे एक यांत्रिक सायकल चालते. तिला गतिदर्शक म्हणता येईल. पुरुषांच्या शर्यतीत तो ताशी ३० किलोमीटरपासून ५० किलोमीटरपर्यंत वेग क्रमाने वाढवितो आणि शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असता मार्गावरून बाजूला होतो. २०१७ पूर्वी शर्यत २,००० मीटरांची असे व गतिदर्शक ६०० ते ७०० मीटर उरेपर्यंत पुढे राही; म्हणजे नव्या नियमाने एकूण अंतर घटले, परंतु मोकळ्या झुंजीचे अंतर वाढले.

पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे घोडी पळते, ती बैलांना चेव यावा म्हणून. केरिनमधील गतिदर्शकाचे कार्य याच्या बरेचसे उलट आहे. तो वेग वाढवितो खरा, पण मुख्यतः शर्यत रोखून धरतो. तो बाजूला होण्यापूर्वी त्याला ओलांडणारा स्वार बाद होतो. २०१७ चा जागतिक विजेता, मलेशियाचा अझिझुलहस्नी आवांग, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच कारणाने बाद ठरला.

गतिदर्शक गेल्यावर दोन हिशेब एकमेकांविरुद्ध उभे राहतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. अखेरच्या फेरीत वेग ताशी ७० किलोमीटरांवर जातो; त्यामुळे अग्रभागी असणे अतिशय महाग पडते आणि मागे दबून राहणे लाभाचे होते. हा पहिला हिशेब. दुसरा भूमितीचा आहे. ओलांडून जावयाचे तर बाहेरच्या बाजूने जावे लागते. आतल्या स्वाराहून एक मीटर बाहेरून पूर्ण फेरी घालणाऱ्यास सुमारे ६.२८ मीटर अधिक अंतर पडते. तीन फेऱ्यांत ते १९ मीटरांच्या जवळ जाते. म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने मागचा भाग्यवान, तर अंतराच्या दृष्टीने पुढचा. केव्हा निघावे हा एकच निर्णय या दोहोंचा मेळ घालतो, आणि तो घेण्यास क्षणार्धच मिळतो.

आता मूळ जपानी केरिनकडे वळले म्हणजे भेद स्पष्ट होतो. १९४८ साली, युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळात, स्थानिक शासनसंस्थांना उत्पन्न मिळावे म्हणून कायद्याने या शर्यतींस मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी कोकुरा येथे त्या सुरू झाल्या. त्यांचा पाया पैज हा आहे. लोक पैसे लावतात. म्हणून शर्यत निर्मळ असली पाहिजे आणि तिचा अंदाजही बांधता आला पाहिजे. शर्यतींच्या दिवसांत स्वारांना बाहेरच्या जगापासून अलग ठेवतात. याहून लक्षणीय असा संकेत म्हणजे, कोण कोणामागे राहणार हे स्वार आधीच जाहीर करतात. एका प्रदेशातील स्वार बहुधा एकत्र रांग धरतात. तिला इंग्रजीवरून घेतलेल्या शब्दाने ‘राइन’ म्हणतात. रांगेतील पहिला वारा सोसतो. त्याच्या मागचा प्रतिस्पर्ध्यांना अडवून त्या उपकाराची फेड करतो आणि शेवटच्या क्षणी स्वतः विजयासाठी झेपावतो. स्वारांच्या पद्धतींनाही नावे आहेत : आधीच पुढे जाऊन टिकून राहणे ते ‘सेन्को’, मागून येऊन बाहेरून सर्वांना ओलांडणे ते ‘माकुरी’, आणि आडोशात राहून अखेरीस गाठणे ते ‘ओइकोमी’. आडोशाची देवघेव येथे संकेतबद्ध आहे आणि तिला स्वतःची परिभाषा आहे.

१९८० साली बेझांसों येथील जागतिक स्पर्धेत केरिनचा समावेश झाला आणि २००० मध्ये सिडनी येथे पुरुषांची केरिन ऑलिंपिकमध्ये आली. शब्द गेला, चाके गेली, गतिदर्शक गेला. रांगेचा संकेत मात्र जपानमध्येच राहिला. प्रादेशिक बांधिलकीच्या जागी चिठ्ठी आली, जाहीर हेतूच्या जागी गुप्त हेतू आला, आणि अंगाने अडविण्याची जी मुभा जपानी मार्गावर काही मर्यादेत मिळते, ती येथे दंडनीय ठरली.

एरवी कोडे वाटावी अशी एक वस्तुस्थिती यावरून उलगडते. १९८७ साली व्हिएन्ना येथे हारुमी होंडा केरिनचा जगज्जेता झाला. त्यानंतर केरिनच्या जन्मभूमीस पुरुषांचे हे विजेतेपद २०२४ पर्यंत, म्हणजे ३७ वर्षे, मिळाले नाही. सामर्थ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. केरिनवरच उपजीविका करणारा कोइची नाकानो १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे वेगस्पर्धेचा जगज्जेता होता. पोलादी सायकली, ३३३ ते ५०० मीटरांचे मार्ग आणि देशातील भरघोस बक्षिसे ही कारणे आहेतच. परंतु मूलभूत कारण असे की, ज्याची सर्व युक्ती सहकाऱ्याच्या आडोशावर उभी आहे, त्यास सहकारी नसलेल्या शर्यतीत ती नव्याने शिकावी लागते. २०१६ पासून फ्रेंच प्रशिक्षक बेनुआ व्हेतू यांच्या हाताखाली जपानने हे शिक्षण पद्धतशीरपणे आरंभिले. २०१८, २०१९ व २०२० च्या जागतिक स्पर्धांत केरिनची रौप्यपदके आली आणि २०२४ साली डेन्मार्कमधील बालेरुप येथे केंतो यामासाकी विजेता झाला.

आंतरराष्ट्रीय केरिनचा स्वभाव टोक्यो ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत, ८ ऑगस्ट २०२१ रोजी, पूर्णपणे प्रकट झाला. ब्रिटनचा जेसन केनी गतिदर्शकाच्या लगत पहिल्या स्थानी होता. वाऱ्याच्या हिशेबाने ही सर्वांत अवघड जागा. त्याच्या मागे ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू ग्लेट्झरने थोडे अंतर पडू दिले. ते ध्यानात येताच केनी गतिदर्शक बाजूला होण्याच्या सुमारास निघाला आणि पुन्हा कोणाच्या हाती लागला नाही. अंतर पडताच आडोसा संपला. ते भरून काढण्याचा भार आपण का उचलावा, हा प्रश्न मागच्या प्रत्येकापुढे होता. जपानी रांगेत या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते.

भारताच्या दृष्टीने हा भेद केवळ शब्दार्थाचा नाही. २०१८ साली स्वित्झर्लंडमधील एग्ल येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत अंदमान-निकोबारच्या एसो अल्बेनने केरिनचे रौप्यपदक मिळविले. २०२२ साली दिल्लीतील आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या रोनाल्डो सिंगने वेगस्पर्धेत रौप्यपदक पटकाविले. तेथे अंतिम फेरीत त्याला हरविणारा यामासाकीच होता. पायांतील सामर्थ्याने आपले स्वार किती जवळ पोहोचले होते, हे यावरून दिसते. परंतु केव्हा निघावे हे ज्ञान एकट्याने मिळत नाही. त्यासाठी तुल्यबळ पाचसहा जणांनी एकाच मार्गावर वारंवार एकमेकांविरुद्ध धावावे लागते. महाराष्ट्रात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात असा मार्ग आहे; त्याचा उपयोग घड्याळाशी झुंजण्यापुरता न राहता माणसाशी झुंजण्यासाठी व्हावा, हे अगत्याचे आहे.

शब्द एका समाजातून दुसऱ्या समाजात जातो, तेव्हा वस्तू बहुधा त्याच्याबरोबर जाते. त्या वस्तूभोवतीचे संकेत जातातच असे नाही. केरिन हे त्याचे उत्तम उदाहरण होय. जपानला स्वतःच्याच शब्दाचा परदेशी अर्थ शिकण्यास ३७ वर्षे लागली; ज्यांच्याकडे तो शब्द केवळ नियमावलीतून आला, त्यांनी नियमांपलीकडचा अर्थ मार्गावरच मिळवावयाचा आहे.