मुंबईचे ३७ अंश नागपूरच्या ४४ अंशांसारखे का छळतात? उत्तर आहे माठात!

एप्रिल-मे आला की नागपूर, अकोला, चंद्रपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तिकडे मुंबई-रत्नागिरीकर ३७ अंशांतच हैराण होतात आणि सोशल मीडियावर विदर्भातून हमखास टोमणा येतो, 'एवढ्यात दमलात?'

पण हवामान विभागाचा निकष बघा. उष्णतेची लाट मानण्यासाठी मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावं लागतं. किनारपट्टीवर मात्र ३७ अंश पुरतात. तापमान सरासरीपेक्षा किती वाढलंय, हेही दोन्हीकडे पाहिलं जातं.

मग किनाऱ्याला ही तीन अंशांची सूट का? ते समजायला आधी शरीर स्वतःला गार कसं ठेवतं ते पाहावं लागेल.

शरीरात भट्टी कायम पेटलेली

श्वास, पचन, रक्ताभिसरण, स्नायूंची हालचाल... जिवंत राहण्याच्या प्रत्येक कामात उष्णता तयार होते. नुसता बसून असलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी! ही उष्णता आतच अडकली, तर तासाभरात शरीराचं तापमान एक अंशापेक्षा जास्त वाढेल. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याच्या शरीरात तर ती याच्या कित्येक पट तयार होते.

आपलं शरीर मात्र ३७ अंशांच्या आसपास राहायला हवं. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग त्यावर लक्ष ठेवतो. तापमान वाढू लागलं की तो त्वचेकडे जास्त रक्त पाठवतो. हवा त्वचेपेक्षा गार असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते. पण त्वचेचं तापमान असतं साधारण ३५ अंश. हवा त्याहून गरम झाली की गणित उलटं होतं. आता हवाच आपल्याला तापवते. मग गार होण्याचा एकच मोठा मार्ग उरतो, तो म्हणजे घाम.

घाम येऊन नाही, वाळून गारवा मिळतो

माठ गार कसा राहतो? पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. घामाचंही तसंच. माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख घामग्रंथी असतात. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरात एवढी उष्णता तयार व्हायला सहा तासांहून जास्त वेळ लागतो.

पण तोच घाम टपटप खाली पडला तर? शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं, गारवा मात्र मिळालाच नाही.

प्राण्यांचे जुगाड

काम तेच, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी.

- कुत्रा : त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि तो गार होतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हे नीट जमत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांना जास्त जपावं लागतं.
- म्हैस : काळी कातडी ऊन शोषते आणि घामग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. म्हणून ती डबक्यात डुंबते. अंगावरचा चिखल हळूहळू वाळतो आणि गारवा टिकतो.
- कावळा : पक्ष्यांना घामग्रंथीच नसतात. दुपारी चोच उघडी ठेवून बसलेला कावळा खरं तर धापा टाकत असतो.
- उंट : पाणी वाचवण्यासाठी तो तापमानच वाढू देतो. पाणी मिळत नसेल तर त्याचं शरीर पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी ४० अंशांपर्यंत चढू शकतं.

दमट हवेत सगळेच अडकतात

पावसाळ्यात माठातलं पाणी फारसं गार होत नाही. कारण हवेत आधीच भरपूर बाष्प असतं, त्यामुळे पाण्याची वाफ सावकाश होते. किनारपट्टीवर घामाचंही हेच होतं. घाम येतो, पण वाळत नाही.

हे मोजायला थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळतात. फडकं वाळताना तो जेवढा खाली उतरतो, त्याला 'वेट बल्ब' तापमान म्हणतात. ते ३५ अंशांवर गेलं, तर निरोगी माणूसही सावलीत बसून फार तास तग धरू शकणार नाही, असं २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी लोकांवर प्रयोग केले. दमट हवेत त्यांच्या शरीराचा तोल ३१ अंशांच्या आसपासच बिघडू लागला. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि हृदयाचे रुग्ण याहून आधी अडचणीत येऊ शकतात.

याचा अर्थ कोरडी उष्णता सुरक्षित आहे असा मुळीच नाही. तिथे घाम इतक्या झटपट वाळतो की शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. म्हणून विदर्भात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावं.

उष्माघात कसा ओळखाल?

शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलं आणि सोबत माणूस बरळू लागला, गोंधळला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. 'घाम येतोय, म्हणजे काही नाही' असं मानू नका. कष्टाचं काम करताना उष्माघात झालेल्याला घाम येत असू शकतो.

तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. तापात मेंदूच शरीराचं तापमान वाढवून ठेवतो आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात मात्र गार करणारी यंत्रणाच कोलमडलेली असते.

मग काय करायचं?

- १०८ ला फोन करा आणि माणसाला सावलीत न्या.
- जादा कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता आणि जोरात वारा घाला.
- मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवा.
- शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. शरीर जितक्या लवकर गार होईल, तितकी जीव वाचण्याची शक्यता जास्त.