परतीची तार

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघरी वायरमनला बोलावणे जाते. गॅलरीत आकाशकंदिलासाठी एक पॉइंट हवा असतो. कठड्यावर माळा सोडायच्या असतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे गीझर दगा देणार नाही ना, हेही पाहून घ्यायचे असते. वायरमन शिडी लावतो, टेस्टरने फेज शोधतो आणि सहज म्हणतो, “न्यूट्रल काय, इथूनच घेऊ. नवी तार कशाला ओढायची?” यजमान खूष होतात. तार वाचली, भिंत फोडावी लागली नाही, मजुरीही कमी झाली!

पण या एका वाक्यात घराच्या सुरक्षिततेचा मोठा प्रश्न दडलेला आहे. दोन सर्किटांनी एकच न्यूट्रल वापरली तर चालते का? याचे उत्तर ‘कधी कधी चालते’ असे आहे. मात्र ते ‘कधी’ कोणते, हे ठाऊक नसेल तर ही काटकसर फार महागात पडते.

जितके जाते, तितके परत येते

वीज दिव्यात शिरते आणि तिथेच संपते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः विद्युत्प्रवाह फेजच्या तारेतून येतो, दिव्यातून किंवा यंत्रातून आपले काम करून जातो आणि न्यूट्रलच्या तारेतून जसाच्या तसा परत फिरतो. आत दहा अँपिअर गेले तर बाहेरही दहाच आले पाहिजेत. दोन्ही तारांवर भार सारखाच असतो.

मग न्यूट्रल एवढी निरुपद्रवी का वाटते? कारण ट्रान्सफॉर्मरपाशी ती जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे तिच्यावर दाब जवळजवळ शून्य असतो आणि टेस्टर लावला तरी तो उजळत नाही. ‘हिच्यात काही नाही’ असे म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण तिची ही सौम्य वृत्ती केवळ एका अटीवर टिकते. ती कुठेही तुटता कामा नये.

काटकसरीचा जन्म

परतीची तार सामाईक करण्याची युक्ती काही आपल्या वायरमनने काढलेली नाही. तिला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र उभारले, तेव्हा तांब्याच्या जाड तारांचा खर्च त्याच्या डोळ्यांत भरला. यावर तोड निघाली ती तीन तारांच्या पद्धतीची. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सनने १८८२ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील सनबरी या गावी एडिसनने ती प्रत्यक्षात आणली.

कल्पना मोठी सुंदर होती. दोन डायनामो एकापुढे एक जोडायचे आणि त्यांच्या मधल्या सांध्यातून तिसरी तार काढायची. दोन्ही बाजूंचे प्रवाह या मधल्या तारेत परस्परांविरुद्ध धावतात, म्हणून तिच्यातून फक्त त्यांची वजाबाकी वाहते. एकीकडे दहा अँपिअर, दुसरीकडे सात, तर मधल्या तारेत अवघे तीन! पूर्वी जिथे शंभर किलो तांबे लागे, तिथे साडेसदतीस किलोत भागू लागले. अमेरिकेतील घरांत आजही १२० व्होल्टच्या दोन बाजू आणि मध्ये एक न्यूट्रल अशीच रचना असते.

आपल्याकडे हेच काम तीन फेज आणि एक न्यूट्रल करतात. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधली बेरीज शून्य होते. दोनच फेजवर दहा-दहा अँपिअर असतील, तर न्यूट्रलमध्ये वीस नव्हे, दहाच अँपिअर येतात. गल्लीतल्या खांबांवरून जाणारी न्यूट्रल अशीच अनेक घरांची सामाईक असते. तेव्हा सामाईक न्यूट्रल हा मुळात गुन्हा नव्हे. मात्र हे सारे गणित निरनिराळ्या फेजचे आहे, हे विसरता कामा नये.

एकाच फेजची दोन सर्किटे

आता आपल्या न्हाणीघराकडे वळू. ३००० वॅटचा गीझर सुमारे तेरा अँपिअर ओढतो. त्याचे सर्किट १६ अँपिअरच्या एम.सी.बी.वर आहे. शेजारच्या स्वयंपाकघराचे सर्किटही तसेच, स्वतंत्र एम.सी.बी.चे. पण घराला वीज एकाच फेजची, आणि न्यूट्रल मात्र दोघांत मिळून एक, अडीच चौरस मिलिमीटरची. भिंतीतल्या नळीतून गेलेली अशी तार वीस-बावीस अँपिअर सोसते.

अभ्यंगस्नानाची पहाट! गीझर चालू आहे आणि स्वयंपाकघरात विजेची शेगडी व किटलीही चालू आहे. दोन्ही सर्किटांत तेरा-तेरा अँपिअर. इथे वजाबाकी नाही, सरळ बेरीज आहे. परतीच्या तारेत सव्वीस अँपिअर! तरीही एकही एम.सी.बी. पडत नाही. प्रत्येकाला आपापल्या फेजमधले तेराच अँपिअर दिसतात आणि न्यूट्रलवर पहारा कोणाचाच नसतो. तार भिंतीच्या आत तापत राहते, वेष्टण कडक होऊन तडकते आणि एखाद्या सैल सांध्यापाशी ठिणगी पडते.

मधली तार निसटली तर?

फेज वेगवेगळे असले म्हणजे बेरीज टळते, पण तिथे दुसरे संकट दबा धरून बसलेले असते. समजा, घरात तीन फेज आहेत. एका फेजवर हजार वॅटची इस्त्री आहे, दुसऱ्यावर देवघरातला साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा, आणि दोघांची न्यूट्रल एक. कोणीतरी प्लगचे सॉकेट बदलताना ती सामाईक न्यूट्रल सोडवली. आता परतीची वाट बंद झाली. बिचारा प्रवाह एका फेजमधून निघून इस्त्रीतून आणि दिव्यातून दुसऱ्या फेजला जाऊन मिळतो. दोन फेजमधला दाब २३० नव्हे, तर ४०० व्होल्ट असतो.

हे ४०० व्होल्ट दोघांत समान वाटले जात नाहीत. ज्याचा अवरोध जास्त, त्याच्या वाट्याला अधिक दाब येतो. हिशेब केला तर इस्त्रीला जेमतेम २३ व्होल्ट मिळतात आणि दिव्याला ३७७! दिवा क्षणभर लखलखतो आणि जातो. त्याच्या जागी टीव्ही असता तर त्याचीही तीच गत झाली असती. त्यातून वाहणारा प्रवाह अर्ध्या अँपिअरहूनही कमी, म्हणून एम.सी.बी. ढिम्म हलत नाही. खांबावरची न्यूट्रल तुटली म्हणजे एकाच वेळी अनेक घरांतली यंत्रे जळतात, त्याचे कारण हेच.

उसनी न्यूट्रल

सर्वांत फसवा प्रकार जिन्याच्या दिव्याचा. खाली एक बटण, वर एक बटण. फेज घेतला तळमजल्याच्या सर्किटातून आणि न्यूट्रल जवळ पडते म्हणून वरच्या मजल्यावरून. दिवा वर्षानुवर्षे उत्तम चालतो. मग एके दिवशी वरच्या मजल्याचे काम निघते. वायरमन वरचा एम.सी.बी. पाडतो, टेस्टर लावून खात्री करतो आणि न्यूट्रलचा सांधा उकलतो. त्याच क्षणी जिन्याच्या दिव्यातून आलेला तळमजल्याचा फेज त्या सुट्या टोकावर उभा राहतो. सर्व काळजी घेऊनही त्या माणसाला २३० व्होल्टचा धक्का बसतो. शिडीवर असला तर पडून जीवही जातो. उसनी न्यूट्रल घेणारा हा धोका स्वतःसाठी घेत नाही. पुढे कधीतरी येणाऱ्या अनोळखी कामगाराच्या माथी तो मारून जातो.

हीच उसनवारी आर.सी.सी.बी.लाही गोंधळात पाडते. गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळतो की नाही, हे तो पाहतो. सुमारे ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच वीज तोडतो आणि माणसाचे प्राण वाचवतो. पण एका सर्किटाचा प्रवाह दुसऱ्याच्या न्यूट्रलने परतला, तर त्याला ती चोरीच वाटते. तो वारंवार पडतो. कंटाळलेले यजमान म्हणतात, “ही कटकट काढूनच टाका!” आणि घराचा रखवालदारच घराबाहेर जातो.

वायरमनला काय सांगावे?

सामाईक न्यूट्रल वापरायचीच असेल तर पथ्ये कडक आहेत. दोन्ही सर्किटे वेगळ्या फेजवर हवीत. दोघांचे फेज एकाच दांड्याने एकदम बंद झाले पाहिजेत. अमेरिकेच्या वायरिंगसंहितेने २००८ पासून अशा सर्किटांना ही अट घातली आहे. सर्व फेज आणि त्यांची न्यूट्रल एकाच आर.सी.सी.बी.मधून गेली पाहिजेत. न्यूट्रलचा सांधा सॉकेटच्या स्क्रूवर अवलंबून नसावा. सॉकेट काढले तरी तो अखंड राहावा. न्यूट्रल फेजहून बारीक तर कधीच नसावी, कारण एल.ई.डी. दिवे आणि संगणक यांच्या प्रवाहातले काही तरंग तीन फेजच्या न्यूट्रलमध्ये परस्परांना खोडत नाहीत, उलट साठत जातात. आणि न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटे बटण नको. हा दंडक आपल्या १९५६ च्या विद्युत नियमांत होता आणि आजही तो कायम आहे.

इतकी पथ्ये सांभाळण्यापेक्षा घरात प्रत्येक सर्किटाला स्वतःची न्यूट्रल देणे केव्हाही शहाणपणाचे. ब्रिटनचे वायरिंगचे नियमही प्रत्येक सर्किट दुसऱ्यापासून अलग ठेवायला सांगतात. बोर्डात प्रत्येक न्यूट्रलवर आपापल्या फेजचा क्रमांक लिहून घ्यावा. न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थिंगच्या तारेवर दिवा चालवण्याचा उद्योग तर कोणालाही करू देऊ नये. ती तार तुटली की फ्रिजच्या दारापर्यंत वीज येऊ शकते.

एक खूण गृहिणींनीही लक्षात ठेवावी. मोठे यंत्र चालू करताच काही दिवे मंद होऊ लागले आणि काही नेहमीपेक्षा प्रखर, तर न्यूट्रल सैल झाली आहे असे समजावे. तत्काळ मेन स्विच बंद करावा आणि जाणत्या वायरमनला बोलवावे. स्वतः बोर्ड उघडू नये.

काही मीटर तार वाचवून होणारी बचत एका फराळाच्या डब्याइतकीही नसते. व्यवहारात आपण घेतलेले उसने परत करतो आणि कोणाचे कोणाच्या खात्यावर चढवत नाही. विजेच्या खात्यातही तोच सचोटीचा नियम आहे. ज्या सर्किटाचा प्रवाह, त्याच सर्किटाच्या वाटेने तो घरी परतावा!