वापिटीच्या मागावर

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील जॅक्सन होल या खोऱ्यात हिवाळा लागताच भोवतालच्या पर्वतांवरून एल्क किंवा वापिटी नावाची थोरली हरणे कळपाकळपांनी उतरतात. त्यांच्यासाठी सरकारने १९१२ साली तेथे राखीव कुरण मुक्रर केले. परंतु चारा घालूनही जनावरे का दगावतात, याच्या तपासासाठी १९२७ साली आलेल्या ओलाउस म्यूरी या जीवशास्त्रज्ञाने कचेरीपेक्षा रानच अधिक जवळ केले, बर्फातून हिंडून प्रेते उघडून पाहिली, आणि वाळल्या चाऱ्यातील कुसळांनी तोंडाला झालेल्या जखमा चिघळून मृत्यू ओढवतो, असा निर्वाळा दिला.

पुढे फ्रँक व जॉन क्रेगहेड या बंधूंनी, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील अस्वलांवर १९६१ पासून रेडिओ-पट्ट्यांचे प्रयोग केल्यानंतर, १९७० साली 'मोनिक' नावाच्या एल्क मादीच्या गळ्यात निंबस-३ या उपग्रहाशी संधान बांधणारा पट्टा अडकवला. त्याचे वजन दहा किलोंहून अधिक होते. अंतराळयुगाच्या त्या कौतुकापेक्षा मला तरी त्या मुक्या मानेचीच चिंता अधिक वाटते.

साध्या रेडिओ-पट्ट्याचा शोध घेणारा हातातील अँटेना फिरवून ध्वनी कोणत्या दिशेस सर्वांत स्पष्ट येतो ते पाहतो, दोन-तीन ठिकाणांहून नकाशावर रेघा ओढतो, आणि त्यांच्या छेदापाशी जनावर असावे असे मानतो. परंतु पर्वतात हा हिशेब फसवा ठरतो, कारण कड्यावर आदळून परतलेली लहर खालच्या घळीतील हरिणीला समोरच्या डोंगरावर नेऊन ठेवते. म्हणून विमानातून शोध घेणे भाग पडते. आजचा जीपीएस पट्टा मात्र नेमल्या वेळी आपला ठावठिकाणा स्वतःच टिपून ठेवतो.

यलोस्टोनच्या उत्तर भागातील कळपाची हिवाळी मोजदाद १९९४ साली सुमारे १९,००० होती, ती २०१३ पर्यंत ४,००० च्या खाली गेली. १९९५-९६ मध्ये तेथे पुन्हा सोडलेल्या लांडग्यांवर साहजिकच ठपका आला. शिकार व अवर्षण यांचाही त्या ऱ्हासात हिस्सा असल्याचे जाणकार सांगत होते. पण पाडसे कोण मारते, हा प्रश्न निराळाच होता. २००३ ते २००५ या काळात नवजात पाडसांच्या कानांत चिमुकले प्रक्षेपक बसवण्यात आले. पाडस बराच वेळ निश्चल राहिले की प्रक्षेपकाच्या ठोक्यांची लय बदलते, आणि मग गिधाडे-कावळ्यांनी पुरावा विसकटण्यापूर्वी प्रेतापर्यंत धावावे लागते, म्हणजे पुन्हा म्यूरीचेच काम आले. दातांच्या खुणा, अवशेषांची मांडणी, आसपासची पावले यांवरून पंचनामा झाला, तेव्हा मेलेल्या पाडसांपैकी निम्म्याहून अधिक अस्वलांनी मारल्याचे आढळले. लांडग्यांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडी आली होती.