हातचा एक

आमच्या नात्यातील एका घरी दोन्ही मुले शाळेत जात नाहीत. आईवडील त्यांना घरीच शिकवतात. अकरा वर्षांची ताई रोज सकाळी अर्धा तास सात वर्षांच्या भावाला गणित सांगते. एकदा बेरीज सांगताना ती म्हणाली, "सात आणि पाच बारा. दोन खाली, हातचा एक." धाकट्याने विचारले, "बारातून दोन काढले तर दहा उरतात ना? मग हातचा एकच कसा?"

ताई निरुत्तर झाली. अपूर्णांकांची उदाहरणे बिनचूक सोडवणाऱ्या या मुलीला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

ती उठली आणि थेट खाली दुकानात गेली. गल्ल्यातून रुपयाची बारा नाणी घेतली, भावासमोर मोजली. त्यांतली दहा आजोबांना देऊन दहाची एक नोट मागून आणली. "हा बघ हातचा. नोट एकच, पण दहांची. म्हणून ती दशकाच्या घरात ठेवायची." धाकट्याला उमगले. ताईला, मला वाटते, त्याहून अधिक.

थोरल्यांनी धाकट्यांना शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून पाढे, पावकी, निमकी म्हणवून घेत. मद्रासेत 1789 पासून लष्करी अनाथालय सांभाळणारे अँड्र्यू बेल यांनी वाळूवर अक्षरे गिरवणारी देशी मुले पाहिली. ती पद्धत त्यांच्या शिक्षकांना रुचेना, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलाकडेच वर्ग सोपवला. 1797 मध्ये त्यांनी या प्रयोगाचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे इंग्लंडात अशा शाळा झपाट्याने वाढल्या. मात्र तेथे एका मास्तरात शेकडो मुले शिकवण्याची काटकसरच मोठी ठरली. काटकसरीचा मोह आपल्याला, व्यापाऱ्यांना, वेगळा सांगायला नको.

घरीही तो मोह होतो. ताई शिकवते आहे, मग आपण निश्चिंत, असे आईने मानले असते तर ताईचा अर्धा तास लवकरच दोन तासांचा झाला असता आणि तिचे स्वतःचे वाचन मागे पडले असते. ही आई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकते. चूक झाली तर मध्ये बोलत नाही, दुपारी ताईला एकटीला विचारते, "सकाळी तू ते कसे सांगितलेस?" बहुधा ताईच आपली चूक पकडते, आणि दुसऱ्या दिवशी भावापुढे ती कबूलही करते. हे तिला जड जाते.

परवा धाकटा शेजारच्या छोटीला नाणी मोजायला शिकवत होता. संध्याकाळी गल्ल्यात एक रुपया कमी भरला. आजोबा अजून शोधत आहेत.