जुन्या फायबरग्लास शिडाच्या नौकेतील कवच-डेक सांधा : दोष, निदान आणि दुरुस्ती

सारांश

फायबरग्लासच्या शिडाच्या नौकेचे कवच आणि डेक हे दोन भाग स्वतंत्र साच्यांत घडवून नंतर एकमेकांस जोडले जातात. या सांध्यावर दोन जबाबदाऱ्या असतात : नौकेस दृढता देणे आणि पाणी रोखणे. जुन्या नौकांमध्ये या सांध्यातून होणारी गळती बहुधा केवळ बाहेरून सीलंट भरून थांबविण्याचा प्रयत्न होतो व तो अल्पकाळातच निष्फळ ठरतो. गळती हे लक्षण असून सांध्यातील हालचाल हे तिचे मूळ कारण होय, या भूमिकेतून प्रस्तुत लेखात सांध्याचे प्रकार, दोषांची कारणे, निदानाच्या पद्धती व दुरुस्तीचा क्रम यांचे विवेचन केले आहे.

१. प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू यांच्या संयोगातून नौका बांधण्याचे तंत्र झपाट्याने विकसित झाले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ब्रिस्टल येथे पिअर्सन चुलतबंधूंनी कार्ल आल्बर्ग यांच्या आराखड्यानुसार बांधलेली २८ फुटी 'ट्रायटन' ही नौका १९५९ साली न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात मांडली गेली. पुढील काही वर्षांत या एकाच आराखड्याच्या सुमारे ७०० नौका तयार झाल्या. शिडाची विहारनौका ही कारागिराने एकेक फळी जोडून घडविण्याची वस्तू न राहता साच्यातून काढण्याची वस्तू झाली. १९६० व १९७० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत अशा हजारो नौका बांधल्या गेल्या आणि त्यांपैकी पुष्कळ आजही पाण्यावर आहेत.

फायबरग्लास कुजत नाही, त्यास वाळवी वा समुद्रकिडा लागत नाही. त्यामुळे त्या काळच्या जाड कवचाच्या नौका अर्धशतकानंतरही टिकून आहेत. मात्र कवच टिकले तरी सांधा टिकेलच असे नाही. लाकडी गलबताच्या फळ्यांमधील फटी ठासून भरल्यावर गलबत पाण्यात उतरताच लाकूड फुगते व फटी अधिक घट्ट होतात. फायबरग्लासला हा गुण नाही. त्याचा उघडलेला सांधा आपोआप मिटत नाही, उलट प्रत्येक सफरीबरोबर थोडा अधिक उघडतो.

२. सांध्याचे स्वरूप व प्रकार

शिडाची नौका ही ताणलेल्या धनुष्यासारखी असते. डोलकाठीला पुढून व मागून धरणाऱ्या तारा नौकेची दोन्ही टोके वर खेचतात, तर डोलकाठी मध्यभागी खाली दाबते. वारा बाजूने आला की वाऱ्याकडील तारांवर ताण येऊन सबंध देह पिळला जातो. आगपेटीचा उघडा खण बोटांनी सहज पिळता येतो, पण तोच खण बाहेरच्या आवरणात सरकविला की ताठ होतो. डेक हे नौकेचे असेच आवरण होय. मात्र ते कवचाशी घट्ट जोडलेले असेल तरच ही ताठरता लाभते.

हा सांधा प्रामुख्याने तीन प्रकारे केला जातो. पहिल्या प्रकारात कवचाची वरची कड आत वळवून तिची आडवी पट्टी केली जाते व डेक तिच्यावर बसविले जाते. वरून ॲल्युमिनियमची वा सागवानाची काठपट्टी ठेवून सर्व थर नटबोल्टने आवळतात. दुसऱ्या प्रकारात दोन्ही कडा बाहेर वळविलेल्या असतात. हा सांधा करण्यास सोपा असला तरी धक्क्याला घासण्याचा व आपटण्याचा धोका त्यास सर्वाधिक असतो. तिसऱ्या प्रकारात बुटांच्या खोक्याच्या झाकणाप्रमाणे डेकची खाली वळलेली कड कवचाच्या बाहेरून बसते. अमेरिकेतील 'कॅटॅलिना' बनावटीच्या अनेक नौकांत हा प्रकार आढळतो. यांखेरीज काही बांधणीकार सांध्यावर आतून काचतंतूंचे थर चढवून दोन्ही भाग एकजीव करतात.

३. सांधा निकामी होण्याची कारणे

पहिले कारण सीलंटचे वार्धक्य होय. अनेक वर्षांच्या उन्हाने व ताणाने सीलंट कडक होतो आणि पृष्ठभागापासून सुटतो. दुसरे कारण तापमानातील बदल. ९ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास सुमारे ६ मिलिमीटरने लांबते. सागवान मात्र रेषांच्या दिशेने फारच कमी लांबते. एकाच बोल्टने आवळलेले निरनिराळे पदार्थ असे रोज थोडे थोडे एकमेकांवर सरकत राहतात.

तिसरे कारण जोडणीची साधने. काही जुन्या नौकांत बोल्टऐवजी रिव्हेट अथवा स्वतः आटे पाडणारे स्क्रू वापरलेले आढळतात. फायबरग्लासमध्ये स्क्रूची पकड कालांतराने झिजते. स्टेनलेस स्टीलचे बोल्टही निर्धोक नसतात. हवा न पोहोचणाऱ्या ओलसर फटीत या पोलादावरील संरक्षक थर नष्ट होतो व माथा चकचकीत दिसत असताना दांडा आतून खंगतो. चौथे कारण आघात. धक्क्यावर एकदा जोरात आपटलेल्या नौकेचा सांधा वरून अखंड दिसला तरी आतील पट्टीला तडा गेलेला असू शकतो.

पाण्याने भिजलेल्या गाद्या हा या दोषाचा सर्वांत सौम्य परिणाम होय. अनेक नौकांच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधोमध बाल्सा लाकडाचा गाभा असतो. बोल्टच्या छिद्रातून पाणी तेथे पोहोचल्यास गाभा कुजतो, डेक पायाखाली दबू लागते आणि कठड्याचे खांब सैल होतात. खवळलेल्या समुद्रात खलाशी ज्या कठड्याला धरून उभा असतो, त्याचा आधार असा न दिसता नाहीसा होतो.

४. निदान

पाणी जेथे दिसते तेथूनच ते आत आले असेल असे मानणे ही निदानातील मुख्य चूक ठरते. सांध्याच्या आडव्या पट्टीवरून पाणी कित्येक फूट वाहत जाऊन सोयीच्या जागी ठिबकते. म्हणून प्रथम गळती केव्हा होते हे पाहावे. नौका स्थिर असताना पावसाने गळती होत असेल, तर खिडक्या, कठड्याच्या खांबांचे पाये वा अन्य जोडण्या यांवर संशय घ्यावा. नौका वाऱ्याने कलली असता, काठ पाण्याखाली गेल्यावरच गळती होत असेल, तर कवच-डेक सांध्याकडे वळावे.

आतील अस्तर काढून सांधा कोरडा करावा. नंतर एकाने बाहेरून नळीने कमी दाबाचे पाणी सोडावे व दुसऱ्याने आतून निरीक्षण करावे. पाणी खालून वर, थोड्या थोड्या लांबीवर सोडावे. वरून सुरुवात केल्यास सर्वच भाग एकदम भिजतो व काहीच कळत नाही. दुसरी पद्धत हवेची. सर्व झडपा व खिडक्या बंद करून पंख्याच्या साहाय्याने आत किंचित दाब निर्माण करावा आणि बाहेरून सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतात ते पाण्याचे प्रवेशद्वार होय.

५. सीलंटची निवड

पॉलियुरेथेन सीलंट अत्यंत चिकट असतो. थ्रीएम कंपनीचा '५२००' हा त्याचा सुपरिचित नमुना. कवच-डेक सांध्यासाठी तो योग्य असला, तरी त्याने बसविलेला भाग पुन्हा सोडविताना फायबरग्लासचा वरचा थरच उखडून येऊ शकतो. पॉलिसल्फाइड लवचीक असून सागवानाशी त्याचे चांगले जुळते. परंतु ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना तो अपायकारक असतो. ब्युटाइल पट्टी कधीही पूर्ण कडक होत नाही. जे भाग पुढे सोडवावे लागतील त्यांसाठी ती सोयीची ठरते. सिलिकोन या कामी टाळावे. त्याचा सूक्ष्म अंश पृष्ठभागावर राहतो व नंतर त्यावर रंग, रेझिन वा दुसरा सीलंट चिकटत नाही. बाहेरून ओढलेली सिलिकोनची रेघ म्हणूनच आजची गळती लपविते आणि उद्याची दुरुस्ती अवघड करते.

६. दुरुस्तीचा क्रम

नौकेच्या दोन्ही बाजू मिळून, सुमारे ९ मीटर लांबीच्या नौकेत १५० मिलिमीटर अंतराने बोल्ट धरल्यास त्यांची संख्या १३० च्या आसपास जाते. म्हणजेच एका लांब फटीबरोबर तितकीच छिद्रेही बंद करावयाची असतात. हे काम पुढील क्रमाने करावे.

(अ) नौका जमिनीवर समतोल आधार देऊन ठेवावी, डोलकाठीच्या तारा सैल कराव्यात आणि काम टप्प्याटप्प्याने करावे. सर्व बोल्ट एकाच वेळी काढल्यास कवच आपला आकार सोडू शकते.

(आ) काठपट्टी काढून फटीतील जुना सीलंट पातळ पात्याने खरवडावा. पृष्ठभाग घासून विद्रावकाने पुसावा व पूर्ण वाळू द्यावा. ओल राहिल्यास पुढील सर्व श्रम व्यर्थ जातात.

(इ) पट्टीतील तडे व मोठी झालेली छिद्रे घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावीत. छिद्राभोवती बाल्साचा गाभा असल्यास तो कोरून काढावा, जागा इपॉक्सीने भरावी आणि ती कडक झाल्यावर नव्याने छिद्र पाडावे. यामुळे सीलंट कधी सुटला तरी गाभा सुरक्षित राहतो.

(ई) छिद्राच्या वरच्या कडेला किंचित उतार द्यावा. तेथे साठणारा सीलंट बोल्टभोवती कड्यासारखा बसतो.

(उ) सीलंट मुबलक लावून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवावेत व खालून मोठे वॉशर अथवा आधारपट्टी द्यावी. ॲल्युमिनियमच्या पट्टीतून हे बोल्ट जात असल्यास दोन धातूंमध्ये विद्युतरोधक लेप आवश्यक असतो.

(ऊ) प्रथम बोल्ट बेताने आवळावेत. सुरुवातीसच पूर्ण आवळल्यास सीलंट बाहेर पिळला जाऊन सांधा कोरडा राहतो. सीलंट पक्व झाल्यावर, ज्यास ५ ते ७ दिवस लागू शकतात, बोल्टचा माथा स्थिर धरून केवळ नट आवळावा.

७. एकजीव सांध्याचा पर्याय

आतून सांधा गाठता येत असेल, तर त्यावर काचतंतूंचे थर इपॉक्सीने चढवून तो कायमचा बंद करता येतो. जुन्या पॉलिएस्टरवर नवा थर रासायनिकदृष्ट्या एकरूप होत नाही, तो केवळ चिकटतो. म्हणून पृष्ठभाग चांगला घासणे व पॉलिएस्टरऐवजी अधिक चिकट अशी इपॉक्सी वापरणे इष्ट ठरते. तडा गेलेल्या भागाच्या कडा जाडीच्या सुमारे १२ पट लांबीपर्यंत उतरत्या कराव्यात. ५ मिलिमीटर जाडीसाठी हा उतार ६० मिलिमीटर होतो. काचेची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने मुखपट व हातमोजे अनिवार्य समजावेत. हा सांधा बळकट व जलरोधक असतो, मात्र तो पुन्हा उघडता येत नाही. खालची पट्टी ओली वा भेगाळलेली असताना त्यावर थर चढविणे म्हणजे दोष आत कोंडणे होय.

८. समारोप

बळकटीचे काम बोल्ट, आधारपट्टी वा काचतंतूंचे थर यांचे. पाणी रोखण्याचे काम सीलंटचे. सीलंटवर दोन्ही भार टाकले की तो दोन्हींत अपयशी ठरतो. हालचाल थांबविल्यावरच सीलंटचा प्रश्न हाती घ्यावा, हे या विवेचनाचे सार होय.

या दुरुस्तीस अनेक आठवड्यांचे श्रम लागतात आणि जुन्या नौकेची बाजारातील किंमत पाहता ते कित्येकदा अव्यवहार्य वाटतात. परंतु दुसऱ्या बाजूचाही विचार करावयास हवा. जे फायबरग्लास कुजत नाही म्हणून नौका टिकली, तेच फायबरग्लास टाकून देतानाही कुजत नाही आणि त्याचा पुनर्वापर कठीण असतो. निकामी विहारनौकांच्या विल्हेवाटीसाठी फ्रान्सला २०१९ पासून स्वतंत्र यंत्रणा चालवावी लागत आहे. कोकण किनाऱ्यावरही फायबरच्या मासेमारी नौका आता सर्वत्र दिसतात. त्यांच्या वार्धक्याचा प्रश्न आपल्यापुढेही उभा राहणारच आहे. अशा वेळी सांधा तपासून, उघडून पुन्हा नीट बसविण्याचे कौशल्य हे केवळ हौशी नौकाधारकांपुरते मर्यादित न राहता किनाऱ्यावरील कारागिरांच्या शिक्षणाचा भाग व्हावे, असे वाटते.