भात सोडला, वजन गेलं... पण गेलं कुठे?

दोस्तांनो, आधी एक कोडं. समजा, तुमच्या मामाने एक दिवस ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, "आजपासून भात बंद, भाकरी बंद, चहातली साखरसुद्धा बंद!" घरातले सगळे हसले, पण मामाने काही महिने नेटाने हे पाळलं आणि त्याच्या अंगावरची 10 किलो चरबी उतरली. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. आता सांगा बघू, ही 10 किलो चरबी गेली कुठे?

घामातून? संडासवाटे? की जळून तिची नुसती उष्णता झाली? उत्तर मनाशी पक्कं करा आणि मगच पुढे वाचा.

ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांनी हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम शिकवणारे प्रशिक्षक यांना विचारला होता. बऱ्याच जणांनी सांगितलं की चरबीची ऊर्जा होते. पण वस्तू अशी हवेत विरून नाहीशी होत नाही, हे तर तुम्ही शाळेतही शिकता. चरबीत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू असतात. चरबी वापरली की ऊर्जा मिळते खरी, पण अणू सगळेच्या सगळे शिल्लक राहतात. त्यांना शरीराबाहेर पडायला वाट हवीच ना? या दोघांनी अणूंचा हिशेब मांडला आणि तो 2014 साली प्रसिद्ध केला. 10 किलो चरबीतली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जाते. उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं आणि ते लघवीतून, घामातून, उच्छ्वासातल्या वाफेतून निघून जातं.

म्हणजे मामाची बरीचशी चरबी त्याच्या नाकातून गेली! घरात सगळ्यांच्या देखत गेली आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

आता तुमच्यातला कुणीतरी नक्की विचारणार, "मग नुसता जोरजोरात श्वास घेतला तर?" नाही जमायचं. बसल्या जागी भराभर श्वास घेतला तर चक्कर येईल, चरबी हलणारसुद्धा नाही. शरीराने आधी चरबी वापरायला काढली पाहिजे, तरच तिचा कार्बन श्वासात येतो. धावलात, चढण चढलात, बांधावर चिखल थापलात की स्नायू इंधन मागतात आणि श्वास आपोआप वाढतो.

पण हा कार्बन मामाच्या अंगात आला कुठून? त्यासाठी आपण कळंबला जाऊ.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात नेरळहून कळंबकडे निघालात की पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं दिसतात. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसरीकडे लांबवर भीमाशंकरची रांग. जुलैत गुडघाभर चिखलात वाकून लावणी होते, आणि गणपतीच्या सुमारास भात निसवतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडतात. फुलोरा झाला की आठवड्याभराने एखादी लोंबी हातात घ्या. शेतमालकाला विचारून बरं का! त्यातला एक हिरवा दाणा नखाने दाबा. आत तांदूळ नसतोच. पांढरं दूध बाहेर येतं, जिभेला किंचित गोड लागतं. शेतकरी म्हणतात, दाणा दुधात आहे. त्या दुधात पिष्टाचे म्हणजे स्टार्चचे बारीक कण तरंगत असतात. पुढे पाणी आटतं, पिष्ट घट्ट होतं आणि तांदूळ तयार.

हे पिष्ट आलं कुठून? मातीतून, असं वाटतं की नाही? बेल्जियमच्या यान व्हान हेल्मोंट या शास्त्रज्ञालाही हाच प्रश्न पडला होता. त्याने कुंडीत माती मोजून भरली, विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे 74 किलोंनी वाढलं. माती कमी झाली जेमतेम 57 ग्रॅम! त्याचा हा प्रयोग 1648 साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. झाड नुसत्या पाण्यापासून वाढलं, असा त्याने निष्कर्ष काढला. अर्धं बरोबर होतं. उरलेला अर्धा भाग हवेचा. पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, मुळं पाणी पुरवतात, उन्हाच्या ऊर्जेवर त्यांची साखर बनते आणि ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडले जाऊन पिष्ट तयार होतं. ग्लुकोज, साखर, पिष्ट, तंतू ही सगळी मंडळी एकाच घराण्यातली. त्या घराण्याला म्हणतात कर्बोदके.

तेव्हा मुलांनो, कळंबच्या खाचरातला तांदूळ बहुतांशी हवा आणि पाणी यांचाच बनलेला आहे. कुणी सांगावं, त्यात कर्जतच्या गाडीत बसलेल्या एखाद्या प्रवाशाने सोडलेला श्वासही असेल! मला तर ही गोष्ट कोणत्याही जादूच्या प्रयोगापेक्षा भारी वाटते. या तालुक्यात भाताचा अभ्यास करणारं संशोधन केंद्रही आहे. कर्जतचं हे केंद्र आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जत-3, कर्जत-7 अशी भाताच्या वाणांची नावं तुम्ही बियाण्याच्या पिशवीवर वाचली असतील, ती इथलीच.

आता प्रयोग. मीठ न घातलेल्या कोरड्या भाताचा छोटा घास तोंडात घ्या आणि गिळू नका. मनात शंभर आकडे म्हणत चावत राहा. हळूहळू घास गोडसर लागायला लागेल. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर पिष्टाच्या साखळ्या तोडतं, त्यातून साखर सुटते, तिची ही चव. पुढचं काम लहान आतड्यात पुरं होतं आणि ग्लुकोज रक्तात उतरतं.

रक्तात ग्लुकोज वाढलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन पेशींना सांगतं, घ्या, वापरा, उरलं तर ठेवून द्या. ठेवायच्या जागा दोन. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी स्वयंपाकघरात रोजच्या तांदळाचा डबा असतो आणि माजघरात वर्षाची कणगी. शरीराचंही तसंच. यकृत आणि स्नायू मिळून साधारण 500 ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, तो झाला डबा. डबा भरला आणि तरी खाणं चालूच राहिलं, की जादा ऊर्जा चरबीच्या कणगीत जाते. आणि कणगी वाढवावी तितकी वाढते!

मामाने भात-भाकरी बंद केली म्हणजे डब्यात नवी भर थांबवली. एक-दोन दिवसांत डबा बराच रिकामा होतो. इन्सुलिन कमी होतं, आणि शरीर कणगी उघडून चरबी वापरायला काढतं. कर्बोदके कमी करण्यामागची कल्पना ती एवढीच.

पण इथे एक गंमत आहे, आणि ती मोठ्यांनाही ठाऊक नसते. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डबा रिकामा झाला की ते पाणीही निघून जातं. म्हणून पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि माणूस आनंदाने सगळ्यांना फोन करत सुटतो. त्यातलं बरंचसं नुसतं पाणी असतं. लग्नात दोन दिवस जिलबी आणि मसालेभात झाला की तेच पाणी परत!

फारच कडक पथ्य पाळलं, तर यकृत चरबीपासून कीटोन नावाची रसायनं बनवायला लागतं, कारण मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही, कीटोन मात्र चालतात. त्यांपैकी ॲसिटोन श्वासातून बाहेर पडतं. नेलपॉलिश पुसायच्या द्रवाला येतो ना, तसाच वास! अशा आहाराचा औषध म्हणूनही उपयोग होतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1921 साली डॉ. रसेल वाइल्डर यांनी फेफरं येणाऱ्या रुग्णांसाठी तो सुचवला, आणि औषधांनी फेफरं थांबत नसेल तर आजही काही मुलांना तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

पीठ-साखर कमी करून बारीक होण्याची युक्ती काही नवी नाही. लंडनचे विल्यम बँटिंग अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करायचे. इतके जाड झाले होते की वाकून बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तर पाठमोरं उतरावं लागे. डॉ. विल्यम हार्वी यांनी त्यांना पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडायला लावलं. वर्षभरात वीस किलोंच्या वर वजन उतरलं. 1863 साली बँटिंग यांनी त्यावर पुस्तिका काढली आणि ती हातोहात खपली.

मग हाच सगळ्यांत चांगला उपाय का? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रिस्टोफर गार्डनर यांनी 609 माणसांचे दोन गट केले. एका गटाने कर्बोदके कमी केली, दुसऱ्याने तेल-तूप कमी केलं. दोन्ही गटांना भाज्या भरपूर आणि साखर-मैदा कमी असं सांगितलं होतं. 2018 साली निकाल आला. वर्षभरात कर्बोदके कमी करणाऱ्यांचं वजन सरासरी 6 किलोंनी उतरलं, तेल-तूप कमी करणाऱ्यांचं 5.3 किलोंनी. फरक नगण्य! आणि प्रत्येक गटात कुणाचं वीस किलोंच्या वर उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं.

आता मामाचं ताट तपासू. आपल्याकडे बऱ्याचदा "मी भात सोडला" म्हणतात आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या जास्त खातात. अहो, तोच तांदूळ की! कुणी नाचणीवर येतं. नाचणी फार गुणी धान्य आहे. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात दहाच्या आत. तंतूही भरपूर. पण कर्बोदके मोजली तर तांदळात सुमारे 78 ग्रॅम आणि नाचणीत सुमारे 67. म्हणजे नाचणी खुशाल खावी, पण 'यात कर्बोदके नसतात' असं कुणी सांगितलं तर मानू नका.

खरा फरक पडतो तो भाताच्या शेजारी काय वाढलंय त्याने. भाताचा ढीग आणि चमचाभर कालवण, हे उलटं करायला हवं. वालाचं बिरडं वाटीभर, सुकट किंवा जवळा, अंडं, पावसाळ्यात टाकळा, कुरडू, कंटोळी. भात काढल्यावर त्याच खाचराच्या ओलीवर वाल पिकतो, त्यात प्रथिनंही असतात आणि तंतूही. पोट लवकर भरतं, भात आपसूक कमी लागतो. आणि थंड पेय? 300 मिलीलिटरच्या बाटलीत 30 ग्रॅमच्या वर साखर असते. कमी करायचंच असेल तर मी पहिली ती बाटली बंद करेन, आजीच्या हातचा भात नाही.

"पण आजोबा तर भाताचा डोंगर खायचे आणि तरी सडसडीत होते!" बरोबर आहे. दिवसभर नांगर, लावणी, झोडणी, डोक्यावर भारे. डबा रोज भरायचा आणि रोज रिकामा व्हायचा. आता काम बसून आणि ढीग मात्र तेवढाच.

शिवाय आपल्या शरीराचं एक गुपित पुण्यात उलगडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचाही बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के! भारतीय माणूस बारीक दिसतो, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. काट्यावरचा आकडा हे सांगत नाही. म्हणून नुसतं खाणं तोडून चालत नाही, स्नायू कामाला लावावे लागतात.

आणि तुम्ही? तुम्ही भात-भाकरी अजिबात सोडायची नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ निम्मा वाटा एकटा मेंदू खातो, आणि त्याचं आवडतं इंधन ग्लुकोज. तुमची हाडं आणि स्नायू अजून वाढायचे आहेत. वर्गात कुणी जाडेपणावरून चिडवलं म्हणून जेवण टाकू नका, आईबाबांशी बोला. थंड पेयं, बिस्किटं, चिप्स कमी करा आणि संध्याकाळी मैदानात मनसोक्त पळा.

घरातलं मोठं माणूस भात-भाकरी कमी करणार असेल तर एक काम तुमच्याकडे. ते मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतात का, हे विचारा. घेत असतील तर आधी डॉक्टरांना भेटायला लावा. औषध तेवढंच राहिलं आणि कर्बोदके एकदम कमी झाली, तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते.