इन्सास लाइट मशीनगन

इन्सास लाइट मशीनगन (एलएमजी) ही ५.५६ × ४५ मिमी काडतुसे वापरणारी भारतीय बनावटीची मशीनगन आहे. पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने (एआरडीई) इन्सास रायफलीबरोबरच तिचा आराखडा तयार केला. या आकाराची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत बनतात.

रचना

गोळी झाडल्यावर नळीतील वायूचा काही भाग छिद्रावाटे दट्ट्यावर येतो व त्याला मागे ढकलतो. त्यामुळे बोल्ट फिरून उघडतो आणि रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. स्प्रिंगच्या जोराने परतताना बोल्ट नवे काडतूस नळीत बसवतो. ही यंत्रणा रायफलीप्रमाणेच आहे. एलएमजीची नळी मात्र अधिक लांब व जड असून पुढे दोन पायांचा आधार (बायपॉड) असतो. जड नळी सावकाश तापते. रायफलीतील तीन गोळ्यांच्या फैरीऐवजी एलएमजीतून सलग मारा करता येतो.

फायदे व मर्यादा

दोन्ही शस्त्रांची काडतुसे समान असल्याने तुकडीचा पुरवठा आणि प्रशिक्षण सोपे होते. मात्र मिनिटाला सुमारे ६५० गोळ्यांच्या वेगाने ३० गोळ्यांचे मॅगझिन तीन सेकंदांत रिकामे होते. मॅगझिन बदलताना मारा थांबतो आणि त्याच्या आडोशाने पुढे सरकणारे सैनिक उघडे पडतात. पट्ट्यातून काडतुसे घेणाऱ्या मशीनगनमध्ये हा खंड कमी पडतो. मार्च २०२० मध्ये भारताने इस्रायलकडून ७.६२ × ५१ मिमीच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या १६,४७९ नेगेव्ह मशीनगन खरेदी करण्याचा करार केला.